कोटा संपला होता, गाडी नव्हे: पॅरिस ते रोम रेल्वे आरक्षणाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातलं सहा जणांचं कुटुंब. नवरा-बायको चाळिशीतले, मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा, आणि सोबत नवऱ्याचे आईवडील, दोघंही साठीच्या पुढचे. आजोबा मध्य रेल्वेच्या आरक्षण कार्यालयातून निवृत्त झालेले. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. मार्ग, गाड्या आणि नियम जसेच्या तसे ठेवले आहेत. आरक्षणाचा गुंता झाल्यावर या कुटुंबाने मला विचारलं, तिथून पुढचं मी जवळून पाहिलं.

बेत मे महिन्याचा होता, कारण शाळेची सुट्टी. तेरा रात्री: पॅरिस ४, स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन ४, व्हेनिस २, रोम ३. विमानाची तिकिटं मुंबई-पॅरिस आणि रोम-मुंबई अशी काढून झाली होती, म्हणजे मधला सगळा प्रवास जमिनीवरूनच व्हायचा. ग्रुप टूर नको हे घरात आधीच ठरलं होतं. आजींना बस लागते. दिवसाला सहा-सहा तास कोचमध्ये बसवून त्यांना युरोप दाखवण्यात काहीच अर्थ नव्हता.

रेल्वेबद्दल दोन सल्ले मिळाले, आणि दोन्ही प्रामाणिक होते. ऑफिसमधला सहकारी म्हणाला, "युरेल पास घे, एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही." म्युनिकमध्ये राहणारा मावसभाऊ म्हणाला, "इकडे जागा राखून ठेवायची गरजच नसते, तिकीट असलं की चढायचं." जर्मनीपुरतं त्याचं म्हणणं बरोबरच आहे. तिथल्या आयसीई गाड्यांना आरक्षण ऐच्छिक असतं, स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियातल्या बहुतेक गाड्यांचंही तसंच. पण यांच्या मार्गातला एक मोठा टप्पा फ्रान्समधून निघत होता आणि दोन टप्पे इटलीत जात होते. तिथला रिवाज निराळा.

नवऱ्याने डिसेंबरात पास घेतले. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी असलेला युरेल ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. यांनी एका महिन्यात कोणतेही ५ दिवस वापरायचा, दुसऱ्या वर्गाचा प्रकार निवडला. साठीच्या पुढच्यांना १० टक्के सवलत, १२ ते २७ वयाला २५ टक्के. म्हणून मुलीचा पास युवा दरात बसला. ४ ते ११ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसासोबत मोफत पास मिळतो, तसा मुलाला मिळाला. सहा जणांचे मिळून १४०० युरोंच्या आसपास गेले. पैसे भरले, ईमेल आले, आणि घरात सगळ्यांची समजूत झाली की रेल्वेचं काम उरकलं.

अडचण

मार्चच्या मध्याला नवरा जागा राखायला बसला. तेव्हाच का, तर आपल्याकडे १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तीच सवय डोक्यात. पॅरिस सोडायचा दिवस बरोबर साठ दिवसांवर आला, तेव्हा हा सकाळी आठ वाजता चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसला. प्रत्यक्षात त्या दिवसाची विक्री कित्येक आठवडे आधीच उघडलेली होती.

पॅरिसच्या गार द लियों स्थानकातून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला टीजीव्ही लिरिया या वेगवान गाड्या जातात, साधारण तीन तासांत. दिवसाला सहाच्या आसपास. तिथून इंटरलाकेनला दोन तास. पासधारकांच्या जागा शोधल्यावर सकाळच्या आणि दुपारच्या सगळ्या गाड्यांपुढे एकच उत्तर येत होतं: उपलब्ध नाही. भल्या पहाटेच्या गाडीत दोन जागा दिसत होत्या, संध्याकाळच्या एकीत चार. सहा जण एकत्र कुठेच नाहीत.

यामागे दोन कारणं होती आणि दोन्ही आधी कळण्यासारखी होती.

पहिलं पासच्या रचनेत आहे. पास हे प्रवासाचं भाडं आहे, जागा नव्हे. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोस्सा, लंडनला जाणारी युरोस्टार, रात्रीच्या शयनगाड्या, या सगळ्यांत जागेचं आरक्षण सक्तीचं असतं आणि पासधारकाला त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात. मोफत पास असलेल्या मुलालाही. टीजीव्ही आणि युरोस्टारसारख्या गाड्यांत तर पासवाल्यांना ठरावीकच जागा देतात.

दुसरं कारण तारीख. निघायचा गुरुवार हा असेन्शनचा, म्हणजे ईस्टरनंतरच्या ३९व्या दिवशी येणारा सण. तो दरवर्षी गुरुवारीच येतो, फ्रान्समध्ये आणि स्वित्झर्लंडमध्येही सुट्टी असते, आणि शुक्रवारची रजा टाकून लोक चार दिवस बाहेर पडतात. गणपतीच्या आदल्या दिवशी दादरहून कोकणकन्या पकडायला जावं, तसा मुहूर्त यांनी नकळत साधला होता.

घरात दोन दिवस चिडचिड झाली. नवऱ्याचं मत, पास परत करून टाकू. सूनबाईंचं मत, पॅरिसच एक दिवस कमी करू. आजोबा तोवर काही बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मुलाला विचारलं, "अरे, हे जे 'नाही' म्हणतंय, ते कुणाला नाही म्हणतंय? गाडी भरली, की तुमचा कोटा भरला?"

ज्यांची नोकरी जनरल कोटा, लेडीज कोटा, परदेशी पर्यटकांचा कोटा, डिफेन्स कोटा हे रकाने सांभाळण्यात गेली, त्यांना हा प्रश्न सुचणं साहजिक होतं. बाकीचे आम्ही सगळे 'उपलब्ध नाही' म्हणजे 'गाडी फुल्ल' असंच वाचत होतो. पासचा रकाना काढून तीच तारीख, तीच गाडी साध्या तिकिटासाठी शोधली, तर सकाळच्या दोन्ही गाड्यांत सहा जागा होत्या. सर्वांत स्वस्त दराची तिकिटं संपलेली होती, पण जागा होत्या.

विचारात घेतलेले पर्याय

*दिवस बदलणे.* बुधवारी संध्याकाळी निघायचं तर सुट्टीची गर्दी तेव्हाच सुरू होते. शुक्रवारी निघायचं तर इंटरलाकेनची एक रात्र वाया, आणि तिथलं भाड्याचं घर परताव्याशिवाय घेतलेलं. हा पर्याय लवकर बाद झाला.

*स्ट्रासबुर्गमार्गे वळसा.* मला स्वतःला हा पर्याय सुरुवातीला आवडला होता. पॅरिसच्या गार द लेस्ट स्थानकातून स्ट्रासबुर्ग टीजीव्हीने पावणेदोन तास, आणि तिथून बाझेलपर्यंत टीईआर ही प्रादेशिक गाडी, सव्वा तासाची. टीईआरला आरक्षण लागत नाही, पास दाखवला की झालं. देशांतर्गत टीजीव्हीचं पासधारकांचं आरक्षणही आंतरराष्ट्रीय गाडीपेक्षा स्वस्त असतं. एकट्यादुकट्याने जाणाऱ्याला मी आजही हाच मार्ग सुचवीन. पण इथे इंटरलाकेनपर्यंत दोनदा गाडी बदलायची, आठ बॅगा, आजींचे गुडघे, आणि सणाच्या दिवशी टीईआरमध्ये उभं राहायची शक्यता. शिवाय पॅरिस-स्ट्रासबुर्ग टप्प्यावरही पासचा कोटा होताच, आणि सहा जागा एका गाडीत मिळत नव्हत्या.

*पास परत करून सगळं नव्याने घेणे.* सुरू न केलेला पास परत करता येतो, १५ टक्के कापून. म्हणजे २०० युरोंच्या वर नुकसान. बदल्यात स्विस ट्रॅव्हल पास घेता आला असता. तो सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो, वेंगेन, ग्रिंडेलवाल्ड, म्युरेन या डोंगरगावांपर्यंत चालतो, आणि स्विस फॅमिली कार्डवर ६ ते १५ वयाची मुलं आईवडिलांसोबत फुकट. यांची दोन्ही मुलं त्यात बसत होती. ऐकायला छान वाटतं. पण चार प्रौढांचे चार दिवसांचे स्विस पास, वर लिरिया, वर इटलीची दोन तिकिटं अशी बेरीज केल्यावर आकडा युरेलच्या बराच पुढे जात होता, आणि कापले जाणारे पैसे त्यात धरलेलेही नव्हते.

*पास ठेवून फक्त अडलेला टप्पा साध्या तिकिटाने करणे.* पॅरिस-बाझेल सरळ विकत घ्यायचं, बाझेलपासून पुढे पास वापरायचा. नवऱ्याला हे पटायला वेळ लागला. "पास असताना तिकीट काढायचं म्हणजे दोनदा पैसे भरणं." पण ५ दिवस मोजल्यावर गणित उलटं निघालं. बाझेल-इंटरलाकेनचा गुरुवार, इंटरलाकेन-व्हेनिसचा सोमवार, व्हेनिस-रोमचा बुधवार हे तीन दिवस. उरलेले दोन दिवस लुझर्न आणि बर्नला जायला. पासचा एकही दिवस वाया जात नव्हता.

विमानाचाही विषय निघाला. विमानतळाची ये-जा, बॅगांचे वेगळे पैसे आणि सणाच्या दिवसातले दर पाहून तो पाच मिनिटांत मिटला.

निर्णय आणि कृती

चौथा पर्याय ठरला. मग प्रश्न आला व्हिसाचा.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या या देशांच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्याच्याकडे करायचा असतो. पॅरिसला उतरणार म्हणून फ्रान्सकडे, असं घरात गृहीत धरलं होतं. रात्री मोजल्या तर फ्रान्स ४, स्वित्झर्लंड ४, इटली ५. अर्ज इटलीकडे गेला. हे वेळेत लक्षात आलं नसतं तर पुढचं सगळं आरक्षण पाण्यात गेलं असतं, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

अर्जावरचा निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, काही प्रकरणांत ४५ दिवसांपर्यंत लांबतो. म्हणजे व्हिसा हातात येईपर्यंत थांबायचं तर एप्रिल संपत येणार, आणि लिरियाचे दर तोवर चढत जाणार. आत्ता घ्यायचं आणि व्हिसा नाकारला गेला तर? इथे मी एकच आग्रह धरला: सगळी तिकिटं एका मापाने मोजू नका. प्रत्येक टप्प्याला दोन प्रश्न विचारा. थांबलो तर हे महागेल किंवा संपेल का? आणि घेतलं तर परत करता येईल का?

त्याप्रमाणे चाळण लावली. लिरियासाठी थांबून चालणार नव्हतं, पण काही दिवस आधीपर्यंत परत करता येईल असं तिकीट तिच्यात मिळत होतं. ते लगेच घ्यायचं ठरलं. सर्वांत स्वस्त, परत न होणारं तिकीट मुद्दाम सोडलं. इटलीच्या गाड्यांची पासधारक आरक्षणं माणशी १० ते १५ युरोंच्या दरम्यानची, मिलान-व्हेनिस मार्गावर दिवसभर गाड्या, तिथे जागेची मारामार नव्हती. ती व्हिसा आल्यावर घेतली तरी चाललं असतं. इंटरलाकेनजवळच्या युंगफ्राउयोख या उंच डोंगरी स्थानकाचं तिकीट हवामान पाहून तिथेच. त्यावर युरेल पासधारकांना २५ टक्के सवलत असते, आणि ३४५४ मीटरवर जाऊन ढग बघण्यात पैसे घालवायची कुणाची तयारी नव्हती.

लिरियाच्या जागा निवडताना आजोबांनी पुन्हा लक्ष घातलं. या गाड्या दुमजली असतात. मुलांना वरचा मजला हवा, आजींना जिना नको. खालच्या मजल्यावर समोरासमोर चार आणि पलीकडे दोन अशा जागा घेतल्या. "लोअर बर्थ मिळाला," आजोबा म्हणाले, आणि तेवढ्यावर मुलांची तक्रार निकालात निघाली.

पैसे भरताना कार्ड दोनदा नाकारलं गेलं. संकेतस्थळाला दोष देऊन झाल्यावर लक्षात आलं की कार्डावर परदेशी व्यवहार बंदच होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नवी कार्डं देशांतर्गत वापरापुरतीच चालू असतात, बाकीचं आपण बँकेच्या ॲपमधून सुरू करायचं. सुरू केलं, ओटीपी आला, काम झालं. परकी चलनाचा अधिभार प्रत्येक कार्डाचा वेगळा असतो. घरातल्या तीन कार्डांपैकी कमी अधिभाराचं शोधून तेच वापरलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात व्हिसा आले. त्या रात्रीच इंटरलाकेनहून पुढची आरक्षणं घेतली. इंटरलाकेनजवळच्या स्पीट्सहून मिलानला जाणारी युरोसिटी गाडी सीमा ओलांडते, तिच्यात आरक्षण सक्तीचं. मिलानला उतरून फ्रेच्चारोस्सा पकडायची. मधे किती वेळ ठेवायचा यावरून वाद झाला. सूनबाईंना अर्धा तास पुरेसा वाटत होता, म्हणजे व्हेनिसला उजेडात पोचता येईल. आजोबांना दोन तास हवे होते. पाऊण तासावर तडजोड झाली.

प्रत्यक्षात काय झालं

पॅरिस-बाझेल बिनघोर. स्थानकावर फलाट क्रमांक गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी जाहीर होतो, तेव्हा आजोबांची थोडी घालमेल झाली. डबा क्रमांकाच्या खुणा फलाटावर होत्या, जागा सापडल्या.

गडबड झाली ती बाझेलला, जिथे कुणी अपेक्षा केली नव्हती तिथे. इंटरलाकेनच्या गाडीला आरक्षण लागत नाही म्हणून ते घेतलंच नव्हतं. पण सणाची सुट्टी स्वित्झर्लंडलाही होती. गाडी सायकली, बाबागाड्या आणि डोंगरावर निघालेल्या लोकांनी भरलेली. सहा जण दोन डब्यांत विभागले गेले. आजी-आजोबा आणि नातू एका डब्यात, बाकीचे दुसऱ्या. तिकीट तपासनीस आला तेव्हा आजोबांच्या हाती तिघांचे पासपोर्ट होते, पण तिघांचे पास सूनबाईंच्या फोनवर. मोबाइल पास रेल प्लॅनर ॲपमध्ये असतो, त्या दिवसाचा प्रवास तिथे नोंदवून मिळणारा क्यूआर कोड दाखवायचा असतो, आणि सोयीचं म्हणून सगळे पास एकाच फोनवर घेतले होते. आजोबांनी खुणेने आणि रेल्वेच्या इंग्रजीत परिस्थिती सांगितली. तपासनीस पुढच्या डब्यात गेला, सूनबाईंना गाठलं, सहाही कोड पाहिले. दंड झाला नाही. बर्नला बरीच माणसं उतरली आणि कुटुंब एकत्र आलं. पण तोवरचा वेळ आजींना फार जड गेला, आणि ते टाळता आलं असतं. या गाडीत ऐच्छिक आरक्षण थोडक्या पैशांत मिळतं.

इंटरलाकेनचे दिवस मजेत गेले. ब्र्युनिग खिंडीतून लुझर्नला जाणारी गाडी दोन तासांची, पासवर, आणि आजींच्या मते संपूर्ण सहलीतली सर्वांत सुंदर. युंगफ्राउयोखला तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं तेव्हा गेले. बर्नचा दिवस पावसात गेला, म्हणजे पासचा एक दिवस अर्धाच वसूल.

सोमवारी युरोसिटी लोट्शबर्गच्या साडेचौतीस किलोमीटरच्या नव्या बोगद्यातून आणि मग सिंप्लॉनच्या जुन्या बोगद्यातून गेली. सिंप्लॉन १९०६ सालचा, जवळजवळ २० किलोमीटरचा. आजोबांनी नातवंडांना कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्याची आठवण करून दिली आणि कुठल्या पावसाळ्यात कुठे दरड आली होती ते सांगायला घेतलं. त्यात गाडी सीमेजवळ थांबून राहिलेली आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मिलानला पोचायला तासभर उशीर झाला. फ्रेच्चारोस्सा गेलेली.

इथे पास उपयोगी पडला, आणि तो असा पडेल हे आमच्यापैकी कुणी आधी बोललं नव्हतं. यांच्याकडे सर्वांत स्वस्त सुपर इकॉनॉमी तिकिटं असती, तर त्यांत ना बदल होतो ना परतावा. युरोपीय महासंघाच्या २०२३ पासून लागू झालेल्या प्रवासी हक्क नियमांत हुकलेल्या जोडगाडीचं संरक्षण आहे, पण ते एकत्र घेतलेल्या सलग तिकिटाला. वेगवेगळी घेतलेली तिकिटं त्यात सहज बसत नाहीत. सहाही तिकिटं नव्याने, त्या दिवसाच्या चढ्या दराने घ्यावी लागली असती. पासमुळे भाडं आधीच भरलेलं होतं, बुडाली ती फक्त आरक्षणाची रक्कम. मिलान सेंट्रालेच्या तिकीट खिडकीवर टोकन घेऊन अर्धा तास थांबले, पुढच्या गाडीत चार जागा एका डब्यात आणि दोन दुसऱ्या डब्यात मिळाल्या. यावेळी पास दोन फोनवर वाटलेले होते.

व्हेनिस-रोम चार तास, काही घडलं नाही. शनिवारी विमानतळाला जायला लिओनार्दो एक्सप्रेस घेतली. रोमा तेर्मिनीहून ३२ मिनिटं, प्रौढाला १४ युरो, जागा क्रमांक नाही. पासचे दिवस संपले होते, तिकिटं यंत्रावर काढली.

हिशेब

पासचे १४०० युरो, इटलीची आणि सीमेवरची आरक्षणं, हुकलेल्या गाडीचं दुबार आरक्षण, आणि वर लिरियाची सहा साधी तिकिटं. हा शेवटचा आकडा घरातल्यांना अजूनही टोचतो. जानेवारीत पासधारकांच्या जागा घेतल्या असत्या तर त्याच गाडीला बरेच कमी पैसे पडले असते. मी तो फरक उशिराची किंमत म्हणून धरतो, पासची चूक म्हणून नाही. नवरा तो पासच्याच खात्यावर मांडतो. यावर आमचं एकमत झालेलं नाही, आणि त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे: पास विकताना जागेचा मुद्दा लहान अक्षरात असतो आणि देशांची संख्या मोठ्या.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. आधी पास, मग मार्ग, मग जागा असं झालं. मार्ग ठरल्यावर सर्वांत अडचणीची गाडी कोणती ते शोधायचं, तिच्यात पासधारकांच्या जागा आहेत का ते पाहायचं, आणि मग पास घ्यायचा की नाही ते ठरवायचं. या मार्गावर अडचणीची गाडी एकच होती. तिच्यासाठी दहा मिनिटं डिसेंबरात दिली असती तर विक्री कधी उघडते तेवढं तरी कळलं असतं.

तिथल्या सुट्ट्यांचं कॅलेंडर समोर हवं होतं. मेमध्ये असेन्शन, त्यानंतर अकरा दिवसांनी पेंटेकॉस्ट या सणाचा सोमवार, फ्रान्समध्ये १ आणि ८ मे. आपल्या शाळांची सुट्टी आणि त्यांची ही मालिका दरवर्षी एकमेकांवर येते. पॅरिस आधी की रोम आधी, एवढं उलटसुलट केलं असतं तरी हा गुरुवार टळला असता. पण विमानाची तिकिटं त्याआधीच घेऊन झाली होती.

बाझेल-इंटरलाकेनला निदान आजी-आजोबांपुरत्या जागा राखायला हव्या होत्या. 'सक्तीचं नाही' हे वाक्य सामानाशिवाय फिरणाऱ्या तरुणांसाठी एक असतं आणि सत्तरीकडे झुकलेल्या माणसांसाठी दुसरं.

पास पहिल्या दिवसापासून दोन फोनवर हवे होते, आणि मोफत पासवाला मुलगा ज्या मोठ्या माणसाच्या पासला जोडला आहे त्याच्यासोबतच बसायला हवा होता. त्या ॲपला दर तीन दिवसांत एकदा तरी इंटरनेट लागतं, म्हणजे दोन्ही फोनवर डेटा हवा.

मिलानच्या पाऊण तासाबद्दल मत देणं अवघड आहे. दोन तास ठेवले असते तर गाडी मिळाली असती, पण गाडी वेळेवर आली असती तर आजींना स्थानकावर दोन तास बसवून ठेवावं लागलं असतं. पास हाती असताना मी पाऊण तासच ठेवीन. बदल न होणारं तिकीट असेल तर दीड तासाखाली येणार नाही.

आणि स्विस पासचा पर्याय कुटुंबाने फार लवकर सोडला असं मला आता वाटतं. चार रात्रींसाठी तो महाग पडला, हे खरं. पण लाउटरब्रुनेन, वेंगेन, म्युरेन इकडे रोज जायचं असेल, मुक्काम सहा-सात रात्रींचा असेल आणि सोबत सोळाखालची मुलं असतील, तर पारडं त्याच्या बाजूने झुकतं. मग फ्रान्स आणि इटलीची तिकिटं सुटी घ्यावीत आणि युरेलचा विचारच करू नये.

याच कुटुंबाच्या ओळखीतले एक जण आता प्राग-व्हिएन्ना-व्हेनिस बेत आखत आहेत, त्यांचा व्हिएन्ना-व्हेनिस टप्पा रात्रीच्या नाइटजेट शयनगाडीने आहे. आजोबांनी त्यांना पासबद्दल काही न सांगता आधी तेवढ्या एका रात्रीचे बर्थ बघायला बसवलं आहे.